दार आणि घड्याळ : कामगाराच्या अर्जाची मुदत

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की शहर संपत आले असे वाटू लागते आणि तेवढ्यात भनपुरी येते. रोलिंग मिलांची काळवंडलेली पत्र्याची छपरे, लाकडाच्या वखारी, गोदामे, रस्त्याच्या कडेला उभ्या मालमोटारींच्या रांगा, आणि थोडे पुढे गेल्यावर बिरगाव, उरला, सिलतरा अशी एकामागून एक लागणारी कारखान्यांची गावे. रुळांच्या बाजूला रेल्वेचा वॅगन दुरुस्तीचा कारखाना आहे. सकाळच्या पाळीला निघालेल्या सायकली एकाच रस्त्याने जातात, पण त्यांवर बसलेल्या माणसांचे कायदे वेगवेगळे असतात. वॅगन कारखान्यातल्या कायम कर्मचाऱ्याला अन्याय झाला असे वाटले तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी १९८५ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे एक वर्ष मिळते. शेजारच्या रोलिंग मिलमधून काढून टाकलेल्या कामगाराला परवापरवापर्यंत तीन वर्षे मिळत, आता दोन. बुडालेल्या मजुरीसाठी वेतन प्रदान कायद्याखाली एक वर्ष, किमान वेतन कायद्याखाली सहा महिने, आणि या दोन्ही कायद्यांच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेत तीन वर्षे. एकाच रस्त्यावर इतकी घड्याळे, आणि कोणते घड्याळ आपले हे सायकलवरच्या माणसाला कोणी सांगितलेले नसते.

ही घड्याळे कोणी बसवली आणि का, याचा शोध मी घेऊ लागलो त्याला एक निमित्त झाले. २०१३ च्या डिसेंबरात एका रविवारी एक गृहस्थ माझ्याकडे आले. मूळचे गोंदियाकडचे, तीन पिढ्या रायपुरात, घरात मराठी टिकवून असलेले. एका कारखान्याच्या धर्मकाट्यावर ते मालाची वजने लिहीत. तिकडे अशा माणसाला काटाबाबू म्हणतात. २०११ च्या फेब्रुवारीत त्यांना 'उद्यापासून येऊ नका' असे तोंडी सांगण्यात आले होते. त्यानंतर त्यांनी मालकाला रजिस्टर्ड पोस्टाने तीन पत्रे पाठवली, पोचपावत्या जपून ठेवल्या आणि वाट पाहिली.

"साहेब, तीन वर्षांची मुदत आहे म्हणतात. म्हणजे अजून दोन महिने तरी आहेत ना?" त्यांनी विचारले.

मी कामगार खात्याचा माणूस नाही आणि सल्ला देणे हे माझे कामही नव्हते. पण कलम काढून वाचले तेव्हा लक्षात आले की त्यांच्या हाती सत्तर दिवस नव्हते, पंचवीसच होते. औद्योगिक विवाद कायद्यात २०१० साली घातलेल्या तरतुदीप्रमाणे बडतर्फ कामगाराला थेट कामगार न्यायालयात जाता येत असे खरे. पण त्याआधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून पंचेचाळीस दिवस थांबणे भाग होते, आणि न्यायालयातला अर्ज मात्र तीन वर्षे पुरी होण्याआधीच पडायला हवा होता. म्हणजे तीन वर्षांतून पंचेचाळीस दिवस आधीच वजा. मालकाला लिहिलेली पत्रे, पोचपावत्या, भेटीगाठी यांनी घड्याळ एक मिनिटही थांबलेले नव्हते. त्यांनी सोबत आणलेला अर्जाचा मसुदा तर आणखी पंचाईत करणारा होता. कचेरीबाहेरच्या टंकलेखकाने तो तयार केला होता. त्यात चौदा महिन्यांचा थकलेला पगार तेवढा मागितला होता. कामावर परत घ्या, हे वाक्यच नव्हते. विरुद्ध पक्ष म्हणून एकट्या ठेकेदाराचे नाव होते, कारण पगार त्याच्या हातून मिळे. काटा ज्या कारखान्याचा, त्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

मी त्यांना एका वकिलाकडे पाठवले आणि त्या रात्री जुने कायदे काढून बसलो.

रायपूर आणि नागपूर यांचा संसार शंभर वर्षांहून अधिक काळ एकत्र होता, हे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. आधी भोसल्यांच्या राज्यात, मग १८६१ पासून मध्य प्रांतात, आणि वऱ्हाड जोडले गेल्यावर मध्य प्रांत व वऱ्हाडात. मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्र्यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले ते याच मुलखात. १९५६ च्या नोव्हेंबरात प्रांत मोडला, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर भोपाळच्या अमलाखाली आले. त्यामुळे रायपूरच्या कामगाराच्या पहिल्या कायद्याचा जन्म शोधायचा तर नागपूरच्याच विधिमंडळात जावे लागते.

त्याआधी काय होते? फारसे काही नव्हते. शेजारच्या राजनांदगावच्या गिरणीत १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली महिन्याहून अधिक काळ संप झाला. तो मुलूख संस्थानी होता. पण ब्रिटिश मुलखातही त्या वेळी गिरणी कामगाराने अर्ज कोणाकडे करावा, याला उत्तर नव्हते. संप हाच अर्ज. १९२९ च्या व्यापारी तंटे कायद्याने चौकशी मंडळे नेमण्याची सोय केली, तीही सरकारची इच्छा असेल तेव्हा. पगारासाठी एका माणसाच्या हातात ठराविक मुदतीत करायचा अर्ज आला तो १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने : बेकायदा कपात झाली किंवा पगार थकला तर सहा महिन्यांत अर्ज करा. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ होई. १९६४ च्या दुरुस्तीने या सहा महिन्यांचे बारा झाले.

आणि मग १९४७ हे साल आले. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले, आणि मला जे सांगायचे आहे ते सारे या दोन कायद्यांच्या फरकात आहे.

दिल्लीचा औद्योगिक विवाद कायदा १ एप्रिल १९४७ पासून अमलात आला. त्यात कामगाराने किती दिवसांत तक्रार करावी याची मुदत नव्हती. उलट १९५२ च्या दुरुस्तीने असे शब्द घातले की विवाद आहे किंवा उद्भवेल असे सरकारचे मत झाल्यास सरकार तो 'कधीही' न्यायाधिकरणाकडे सोपवू शकेल. ऐकायला हे फार उदार वाटते. पण 'कधीही' हा शब्द कामगाराला उद्देशून नव्हता, तो सरकारला उद्देशून होता. कामगार न्यायालयाच्या दारात स्वतः जाऊ शकत नव्हता. आधी समेट अधिकारी, मग त्याचा अपयशाचा अहवाल, मग सचिवालयातली फाइल, आणि मग सरकारला योग्य वाटले तर रेफरन्स. शिवाय एकट्याचा तंटा हा सहसा औद्योगिक विवादच मानला जात नसे. संघटनेने तो उचलून धरावा लागे. ही अडचण दूर करणारे '२ अ' हे कलम यायला १९६५ चा डिसेंबर उजाडला.

त्याच वर्षी रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळाच्या काळात नागपूरला मध्य प्रांत व वऱ्हाड औद्योगिक विवाद निवारण कायदा झाला. शुक्ल स्वतः रायपूरचे. या कायद्याचे १६ वे कलम अगदी वेगळ्या वळणाचे होते. ज्या उद्योगांना सरकारने अधिसूचनेने ते लागू केले, त्यांतला काढून टाकलेला किंवा निलंबित केलेला कामगार कामगार आयुक्ताकडे थेट अर्ज करू शकत असे आणि कामावर परत घेण्याची व बुडालेल्या पगाराच्या भरपाईची मागणी करू शकत असे. संघटनेची सही नको, सचिवालयाची कृपा नको. मात्र अर्ज सहा महिन्यांच्या आत पडला पाहिजे.

सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस या नागपूरच्या कंपनीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कंपनीचे म्हणणे होते की एकट्या माणसाचा तंटा औद्योगिक विवाद होत नाही, आणि एकदा काढून टाकलेला माणूस 'कर्मचारी'ही उरत नाही. १९५६ साली, म्हणजे ज्या वर्षी तो प्रांत मोडला त्याच वर्षी, न्यायालयाने ही दोन्ही म्हणणी फेटाळली. केंद्राच्या कायद्याखाली एकट्याच्या तंट्याबद्दल न्यायालयांत मतभेद असतील; नागपूरच्या कायद्याने मात्र एकट्याला दार उघडून दिले आहे, असा त्या निकालाचा आशय. केंद्राच्या '२ अ' कलमाच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट.

या दोन कायद्यांतला व्यवहार नीट पाहावा. दिल्लीने घड्याळ लावले नाही, पण दारावर शिपाई बसवला. नागपूरने शिपाई हलवला आणि भिंतीवर घड्याळ लावले. हा योगायोग म्हणावा तर पुढेमागे पाहिले तरी तेच दिसते. मुंबई प्रांताच्या १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यात कामगाराला थेट कामगार न्यायालयात जाता येई, आणि मुदत महिन्यांत मोजली जाई. मध्य प्रदेशाने १९६० साली आपला औद्योगिक संबंध कायदा केला, तो छत्तीसगढ राज्य झाल्यावर त्याच्याही वाट्याला आला. अधिसूचित उद्योगांतल्या कामगाराला त्यातही थेट दार होते आणि त्याबरोबर मुदतही होती. महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांविषयीचा कायदा घ्या : तक्रार थेट न्यायालयात, पण नव्वद दिवसांत, त्यानंतर आल्यास उशिराचे सबळ कारण दाखवा. दार जितके उघडे तितकी मुदत तोकडी, असा हा हिशेब आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवत की फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत रांगेत उभे राहून मोजावी लागते. केंद्राच्या कायद्यातला 'मुदत नाही' हा शब्द मला त्या रांगेसारखा वाटतो. मुदत नव्हती, कारण वेळ कामगाराच्या हातात नव्हतीच.

न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांचे नाव इथे घेतले पाहिजे. साताऱ्यात जन्मलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे कामगार कायद्याच्या मराठी परंपरेतले सर्वांत मोठे नाव. मुंबईच्या बॉम्बे गॅस कंपनीच्या कामगारांनी जुन्या निवाड्याप्रमाणे साप्ताहिक सुटीच्या पगाराची रक्कम मागितली. ही मागणी औद्योगिक विवाद कायद्याच्या '३३ क (२)' या कलमाखाली होती. ठरलेले येणे मोजून द्या, एवढेच त्यात मागायचे असते. कंपनी म्हणाली, इतक्या जुन्या रकमा आता कशा मागता? वेतन प्रदान कायद्यात जी मुदत आहे ती इथेही लावा. १९६३ च्या निकालात गजेंद्रगडकरांनी याला नकार दिला. ज्या ठिकाणी विधिमंडळाने मुदत लिहिलेली नाही, त्या ठिकाणी न्याय्य वाटते म्हणून न्यायालयाने ती लिहू नये, अशी त्यांची भूमिका. सहा वर्षांनी सीमाभागातल्या अथणी नगरपालिकेच्या कामगारांच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने हेच धोरण ठेवले : १९६३ च्या मुदत कायद्याचे १३७ वे कलम कामगार न्यायालयातल्या अशा अर्जांना लागत नाही.

पण गजेंद्रगडकर नुसते मुदतीवर थांबले नाहीत. पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे ते अध्यक्ष होते आणि १९६९ च्या अहवालात आयोगाने स्वतंत्र औद्योगिक संबंध आयोग नेमण्याची शिफारस केली. विवाद पुढे पाठवायचा की नाही हा निर्णय सरकारच्या मर्जीवर राहू नये, हा तिचा गाभा. म्हणजे शिपायावरच बोट. ती शिफारस कायद्यात उतरायला चाळीसहून अधिक वर्षे लागली, तीही तुकड्यातुकड्याने.

मधल्या काळात 'मुदत नाही' या शब्दाचे काय झाले? न्यायालयांनी तो शब्दशः पाळला नाही आणि पुसलाही नाही. पंजाबातल्या एका सहकारी संस्थेच्या कर्मचाऱ्याला १९७४ साली काढले, त्याने १९८१ च्या डिसेंबरात मागणी केली. १९९९ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले की उशीर हे अर्ज फेटाळण्याचे कारण नाही, भरपाई कमी करण्याचे आहे; त्याला कामावर घेतले, पण मागणीच्या तारखेपासून कामगार न्यायालयाच्या निवाड्यापर्यंतचा पगार साठ टक्केच मिळाला. पुढच्याच वर्षी नेडुंगडी बँकेच्या प्रकरणात जवळजवळ तेवढाच, सात वर्षांचा, उशीर होता; तिथे न्यायालय म्हणाले की हा विवाद शिळा झाला, सरकारने तो पाठवायलाच नको होता. २०१५ साली चौदा वर्षांच्या उशिराचे प्रकरण आले तेव्हा निकष असा ठरला की विवाद 'जिवंत' आहे का ते पाहावे. विवाद जिवंत आहे की नाही हे कामगाराला निकाल लागल्यावर कळणार! ज्याला लेखी मुदत असते त्याला निदान कॅलेंडर पाहता येते. लेखी मुदत कामगाराच्या विरोधातच असते, हे मत मी या निकालांच्या वाचनानंतर सोडून दिले.

आता दुरुस्तीकडे वळतो. काटाबाबूंच्या अर्जात खरी गोम तिथेच होती, आणि मुदतीचा इतिहास सांगणारे पुष्कळदा दुरुस्ती विसरतात.

अर्ज मुदतीत पडला, पण त्यात चुकीचे मागितले, किंवा बरोबर माणसाकडून मागितले नाही, तर पुढे ते सुधारता येते का? भारतातल्या दिवाणी न्यायालयांत याचे उत्तर ज्या निकालावरून दिले जाते तो मुंबई उच्च न्यायालयाचा, १९०९ चा : किसनदास रूपचंद विरुद्ध रचाप्पा विठोबा. भागीदारीतला कापडाचा व्यवहार होता. वादींनी आपले पैसे परत मागितले. मागायला हवे होते भागीदारीचे विसर्जन आणि हिशेब. चूक ध्यानात आली तोवर मुदत उलटली होती. न्यायमूर्ती बॅचलर यांनी दुरुस्तीला परवानगी दिली आणि दोन कसोट्या घालून दिल्या. समोरच्यावर अन्याय होत नसावा, आणि पक्षांमधल्या खऱ्या प्रश्नाच्या निर्णयासाठी ती दुरुस्ती आवश्यक असावी. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका मराठी मुलखातल्या खटल्यात, पाटील घराण्यातल्या वादात, याच कसोट्या उचलून धरल्या. २००२ साली दिवाणी प्रक्रिया संहितेत भर पडली की सुनावणी सुरू झाल्यावरच्या दुरुस्तीसाठी 'योग्य काळजी घेऊनही आधी करता आली नाही' हे दाखवावे लागेल. कामगार न्यायालये त्या संहितेने काटेकोरपणे बांधलेली नसतात, पण कसोट्या त्याच वापरतात.

केंद्राच्या कायद्यात मात्र याहून मोठी अडचण होती आणि ती पुन्हा शिपायाचीच. प्रश्न कामगाराने लिहिलेलाच नसे, तो सरकारने लिहिलेला असे. औद्योगिक विवाद कायद्याच्या दहाव्या कलमाच्या चौथ्या उपकलमाप्रमाणे न्यायाधिकरणाने सोपवलेले मुद्दे आणि त्यांना अनुषंगिक बाबी एवढेच पाहायचे. जबलपूरच्या परफेक्ट पॉटरी कंपनीचे उदाहरण आपल्याच परिसरातले आहे. सरकारने विचारले होते की कारखाना बंद करणे योग्य व समर्थनीय होते का. कामगारांच्या पंचायतीला म्हणायचे होते की कारखाना खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नाही. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा मुद्दा रेफरन्सच्या बाहेर आहे. बंद झाला हे त्या प्रश्नात गृहीतच धरले आहे. कामगारांचे खरे भांडण ज्या एका वाक्यावर होते, ते वाक्य सचिवालयातल्या कोणा कारकुनाने किंवा अवर सचिवाने लिहिले होते. रेफरन्सचे असे मसुदे आमच्यासारखीच माणसे संध्याकाळी पाच वाजता जुन्या फाइलवरून उतरवतात, हे मला नोकरीमुळे ठाऊक आहे, आणि म्हणून हा निकाल वाचताना मला थोडी लाज वाटली. अशा ठिकाणी दुरुस्ती हवी तर न्यायालयाकडे जाऊन उपयोग नसे. सरकारकडे परत जाऊन शुद्धिपत्रक किंवा नवा रेफरन्स मागावा लागे. कामगाराच्या अर्जातली चूक न्यायालय सुधारू देई, सरकारच्या प्रश्नातली चूक तो सुधारू शकत नसे.

परदेशस्थ वाचकांसाठी थोडे विषयांतर. ब्रिटनमध्ये अन्याय्य बडतर्फीविरुद्ध अर्ज करायची मुदत १९७१ च्या कायद्यात चार आठवडे होती. १९७४ पासून तीन महिने आहे, आणि २०२५ अखेरच्या कायद्यात ती सहा महिन्यांवर नेण्याची तरतूद झाली आहे. तिथे दार कायम उघडे होते, म्हणून घड्याळ इतके कडक. आणि दुरुस्तीबद्दल १९९६ च्या सेलकेंट बस कंपनीच्या प्रकरणात घालून दिलेली कसोटी, म्हणजे दुरुस्ती दिली तर कोणाचे किती नुकसान आणि नाकारली तर कोणाचे किती, ही मुंबईच्या १९०९ च्या कसोटीची पाठची बहीण वाटावी इतकी जवळची आहे.

आमच्या सरकारी नोकरांचे घड्याळ आणखी वेगळे चालते. वॅगन कारखान्यातला कायम कर्मचारी न्यायाधिकरणाच्या जबलपूर पीठाकडे थेट जाऊ शकतो. म्हणून त्याला एक वर्ष. खात्याकडे अपील किंवा निवेदन केले आणि सहा महिने उत्तर आले नाही तर त्यापुढे एक वर्ष. पण निवेदनामागून निवेदने पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही, हे १९८९ साली मध्य प्रदेशातल्याच एका सेवा प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले आणि पुढे वारंवार सांगितले गेले. तरी सुशिक्षित अधिकारीदेखील वर्षानुवर्षे स्मरणपत्रे लिहीत बसतात. काटाबाबूंच्या पोचपावत्यांना हसण्याचा आम्हाला अधिकार नाही.

२०१० च्या सप्टेंबरात केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि '२ अ' कलमात दोन नवी उपकलमे आली. त्रेसष्ट वर्षांनी दिल्लीने नागपूरचा सौदा स्वीकारला : थेट दार, आणि सोबत तीन वर्षांचे घड्याळ. त्यात उशीर माफ करण्याचे शब्द नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवे. सरकारमार्फतचा जुना रस्ता मात्र बंद केला नव्हता. पंधरा वर्षे दोन्ही दारे शेजारी शेजारी होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आणि जुना कायदा गेला. समेट अधिकाऱ्याने विवाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेटाची कार्यवाही करू नये, असे तिचे ५३ वे कलम सांगते. आणि समेट न झाल्यास त्याचा अहवाल हाती पडल्यापासून नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. सामान्य विवादांसाठी सरकारी रेफरन्स राहिलेला नाही. शिपाई गेला. गजेंद्रगडकरांच्या आयोगाने ज्याच्यावर बोट ठेवले होते तो अखेर गेला, आणि घड्याळे एकाऐवजी दोन झाली.

ही दोन वर्षे पुरेशी आहेत का, याबद्दल माझे मत असे की भनपुरीसारख्या ठिकाणी आकड्यापेक्षा त्याचा प्रारंभबिंदू महत्त्वाचा. ठेक्यावरच्या माणसाला बडतर्फीचा कागद मिळतच नाही. 'उद्या येऊ नका', मग 'पुढच्या महिन्यात बघू', मग 'नवा ठेकेदार येईल तेव्हा या'. विवाद उद्भवला कोणत्या दिवशी? शिवाय छोट्या मिला बंद पडतात, भाडेपट्ट्याने दुसऱ्याकडे जातात, नाव बदलून उघडतात. हजेरीपत्रक तोवर कुठल्या तरी गोदामात उधईच्या ताब्यात. माणूस मुदतीत आला तरी ज्याच्याविरुद्ध यायचे तो कागदावरून नाहीसा झालेला असतो. त्यामुळे नव्या संहितेखाली दुरुस्तीचे अर्ज, विशेषतः मालकाचे नाव सुधारण्याचे आणि तारीख सुधारण्याचे, वाढतील असे मला वाटते. आता प्रश्न कामगार स्वतः लिहिणार आहे. म्हणजे चुकाही त्याच्याच असतील, आणि १९०९ च्या त्या दोन कसोट्या किती मोकळेपणाने लावल्या जातात यावर पुष्कळ काही ठरेल.

काटाबाबूंचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. वकिलाने आठवड्याच्या आत समेट अधिकाऱ्याकडे अर्ज दिला, ठेकेदार आणि कारखाना दोघांची नावे घालून. पंचेचाळीस दिवसांत मालकाकडून कोणी आले नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत, मुदतीचे थोडे दिवस राहिले असताना, कामगार न्यायालयात अर्ज पडला. या वेळी कामावर परत घेण्याची मागणी पहिल्या ओळीत होती. पण घाईत टंकलेखकाच्या हातून एक अंक चुकला. काढून टाकल्याची तारीख फेब्रुवारी २०११ ऐवजी फेब्रुवारी २०१० अशी पडली. जबाब दाखल करताना कारखान्याच्या वकिलांनी तेवढेच धरले : अर्जदाराच्याच लिहिण्याप्रमाणे चार वर्षे झाली, अर्ज मुदतबाह्य आहे.

दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. त्यावर तीन तारखा पडल्या. विरोध असा होता की मुदत उलटल्यावर तारीख बदलू दिली तर आमचा मिळालेला हक्क जातो. काटाबाबूंकडे समेट अधिकाऱ्याकडच्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत होती, तीत तारीख बरोबर होती. आणि बँकेचे पासबुक होते, ज्यात जानेवारी २०११ पर्यंतचा पगार जमा दिसत होता. न्यायालयाने दुरुस्ती मंजूर केली. खर्चापोटी काही रक्कम त्यांना समोरच्या पक्षाला द्यावी लागली, ती त्यांनी शेजाऱ्याकडून उसनी घेतली. २०१७ साली लोकअदालतीत तडजोड झाली. कामावर परत जाणे झाले नाही, एकरकमी पैसे मिळाले. रकमेचा आकडा त्यांनी सांगितला नाही, मी विचारला नाही.

त्या दुरुस्त केलेल्या पानाची झेरॉक्स त्यांनी मला दाखवली होती. शून्यावर आडवी रेघ, वर लाल शाईने एकचा आकडा, आणि बाजूला न्यायालयाच्या कारकुनाची आद्याक्षरे व तारीख.